कफच्या पुढे

४ जून

चिंगे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं बोलते.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू तुझ्या नव्या हुद्द्याचं नाव लिहिलं आहेस, ते मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारच्या घड्याळवाल्यांकडून वाचून घेतलं. पेशंट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह! घड्याळवाले चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एक्झिक्युटिव्ह म्हणजे साहेबच हो." मग काय, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला बातमी कळली. किराणावाल्याने विचारलं, "म्हणजे नक्की करते काय?" मी म्हटलं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. खरं सांगायचं तर मलाच कळलेलं नाही. एकदा सविस्तर लिही.

फोन कर म्हणू नकोस. फोनवर तू "ओके, बाय, टेक केअर" म्हणतेस आणि मोकळी होतेस. शिवाय मशीन चालू असलं की मला निम्मं ऐकू येत नाही, आणि मी नुसती हो हो करत बसते. पत्र कसं, पुन्हा काढून वाचता येतं.

इकडे दुकानाची पाटी बदलली. तुझी आई आणि मी मिळून हे दुकान उघडलं तेव्हापासून "येथे कपडे शिवून मिळतील" अशी पाटी होती. आता तिथे "बुटिक" झालं आहे. कारण असं, की कोपऱ्यावर नवं दुकान निघालं, त्याचं नाव स्टिचिंग स्टुडिओ. माझ्याकडे बारा वर्षं येणारी बँकेतली बाई तिकडे गेली आणि रस्त्यात भेटल्यावर मलाच सांगते, "तिथलं फिनिशिंग वेगळंच असतं हो." तिच्या मुलीच्या फ्रॉकची खालची दुमड मी हाताने घालत होते, एक टाका वर दिसू देत नव्हते. पण ती माझी दुमड होती ना, फिनिशिंग नव्हतं. आता मीही शहाणी झाले आहे. कुणी बाही आखूड करायला आणली की मी म्हणते, "स्लीव्ह अल्टर करायची ना?" गिऱ्हाईक लगेच सावरून बसतं. कात्री तीच, हात तोच, पण मान वाढतो.

हे अक्षर घड्याळवाल्यांचं आहे. मी सांगते, ते लिहितात. मला सध्या कामाच्या गर्दीत लिहायला फुरसत नाही, दुसरं काही नाही.

जेवणखाण वेळेवर कर. भरपूर आशीर्वाद.

तुझी मावशी
घड्याळवाले म्हणतात खाली "प्रोप्रायटर" लिहा, म्हणून लिहिलं.

१३ जून

डिअर मावशी,

थँक यू सो मच! तू तर स्टेनोच ठेवलास. आता तुझ्याशी अपॉइंटमेंट घेऊनच बोलावं लागणार.

तू माझ्या कामाचं विचारलंस. माझी जागा ग्राउंड फ्लोअरवर आहे, अगदी एन्ट्रन्सला. समोर मोठी काच, आत माझी एकटीची खुर्ची, कॉम्प्युटर, डोक्यावर एसी. माझ्याशी बोलल्याशिवाय एकही पेशंट डॉक्टरांपर्यंत पोचू शकत नाही. सकाळपासून लोक माझ्यासमोर रांगेत उभे असतात. मी हाक मारेन तेव्हाच पुढे यायचं, असा नियमच आहे. गळ्यात बॅज आहे, त्यावर माझा फोटो आणि पूर्ण डेसिग्नेशन.

इथे सगळा कारभार इंग्लिशमध्ये. साधं बोललं की माणसाला साधंच समजतात. मावशी, एक सांगू? तू रागावू नकोस. पाटी बदललीस ते फार छान केलंस, आता बोलणंही बदल. बाहेर कुठे गेलीस, विशेषतः डॉक्टरकडे वगैरे, तर "दुखतंय गं बाई, खुपतंय गं बाई" असं बोलत जाऊ नकोस. पेन म्हणावं. तुला माहीत नाही, मोठ्या ठिकाणी आपल्या पहिल्या वाक्यावरच ठरतं, आपल्याला खुर्ची द्यायची की उभं ठेवायचं.

सुट्टी मिळाली की येईन. टेक केअर.

युअर्स,
चिंगी

२ जुलै

चिंगे,

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. घाबरू नकोस, तुझं नाव घालवलं नाही.

गेले काही दिवस उजवा हात कामाला नाही म्हणत होता. कात्री हातातून सुटत होती. आधी वाटलं, होईल बरं. मग एका कोटाची पाठ कापताना कात्री सुटली आणि कापडाला नको तिथे चीर गेली. गिऱ्हाईक भलं होतं, पण मी ठरवलं, आता मोठ्या दवाखान्यात दाखवायचं.

तुझा सल्ला लक्षात होता. घड्याळवाल्यांनी आठ दिवस तयारी करून घेतली. मला वाटत होतं मला इंग्रजी येत नाही, पण त्यांनी दाखवून दिलं की निम्मं शरीर मला तोंडपाठ आहे. नेक, शोल्डर, चेस्ट, वेस्ट, स्लीव्ह, कफ. तीस वर्षं तेच तर मापते आहे! राहिलं फक्त "पेन" आणि "वीकनेस", ते दोन शब्द त्यांनी दिले.

आत गेले आणि एका दमात म्हटलं, "डॉक्टर, नेक पेन. शोल्डर पेन. फुल स्लीव्ह पेन. वीकनेस." तुझं खरं निघालं बघ, खुर्ची लगेच मिळाली. त्यांनी पुढचं मराठीत विचारलं, पण मी खाली उतरले नाही. सगळ्याला "यस" नाहीतर "नो" दिलं. बाहेर बसलेल्या घड्याळवाल्यांना दारातून ऐकू येत होतं, ते खूश झाले.

मग मानेचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले मणके झिजले आहेत, त्यामुळे शीर दबून हातातली ताकद जात असावी. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही फोटो बघितले आणि २८ जुलै तारीख दिली. मानेचं ऑपरेशन आहे. हात पुन्हा पहिल्यासारखा चालेल का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, बघू. तोपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. तुमच्याकडे ज्याला कम्प्लीट रेस्ट म्हणतात, ती मला मिळाली आहे.

मशीनवर चादर घातली. शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम स्टिचिंग स्टुडिओला देऊन टाकलं, कापडासकट. बरंच झालं, दुकानात जरा हवा खेळते आहे.

एक काम कर. तू एवढ्या मोठ्या जागेवर आहेस, तर तुझ्या सहीचं एक पत्र त्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांच्या नावाने पाठव. ओळख असली की माणूस नीट बघतो.

तुझी मावशी

७ जुलै

मावशी,

तुझं पत्र मी कामावरच फोडलं. फोडायला नको होतं. समोरची रांग ओरडायला लागली तरी मला हलता येईना.

मला एक सांग. तुझी मान आज दुखायला लागली का? मी दुसरीत होते तेव्हापासून संध्याकाळी तुझी मान चोळून देत आले आहे. तू मशीनवरून उठायचीस, मान कडाकडा मोडायचीस आणि स्वयंपाकाला लागायचीस. तेव्हा तुझ्या हातून कात्री कधी सुटली नाही. मग आता नवीन काय झालं? मान जुनी आहे, हाताचं दुखणं नवं आहे. या दोघांची गाठ कुणी मारली?

मला हे घड्याळवाल्यांच्या अक्षरात नको. ते देवमाणूस आहेत, पण त्यांना म्हणावं जरा चहा पिऊन या. तू स्वतः लिही, कसंही लिही, आणि एकही इंग्रजी शब्द वापरू नकोस. मशीन हा शब्द तेवढा चालेल. बाकी काही नाही.

तू गिऱ्हाइकाला कापडाचं कसं सांगतेस? हे धुतलं की आटतं, हे आडवं ओढलं तर टिकतं पण तिरकं ओढलं की विरतं, याला घाम लागला की डाग पडतो. तसं मला हाताचं सांग. नेमकं कुठे, कधी, काय केल्यावर, आणि कसं. माझ्यासमोर रोज माणसं येतात, "पेन आहे" म्हणतात आणि गप्प बसतात. मग मी विचारते, ठणकतं की टोचतं? चमक येते की आग होते? एवढं विचारलं की माणूस जो बोलायला लागतो, तो थांबत नाही. तसं मला हवं आहे.

सहीचं नंतर बोलू. आधी हे पाठव. आजच बस लिहायला.

चिंगी

१२ जुलै

चिंगे,

अक्षराला हसू नकोस. पेन्सिल मुठीत धरून लिहिते आहे. दोन दुपारी गेल्या यात. घड्याळवाल्यांना खोटंच सांगितलं की डोकं दुखतंय.

दुखणं मानेत नाही. मान आपली दुखतच असते, तिला मी धरतच नाही. खरं दुखणं उजव्या अंगठ्यात आहे.

सकाळी उठले की तो आत मुडपून बसलेला असतो. सरळ करायला गेलं की अर्ध्यात अडतो. कितीही जोर लाव, पुढे येत नाही. मग डाव्या हाताने धरून उघडावा लागतो, आणि उघडताना कट्‌ करून सुटतो, टिचबटण उघडतं ना, अगदी तसा. आवाज नसेल येत कदाचित, पण मला आत जाणवतो. त्या क्षणी अशी सणक जाते मनगटापर्यंत की डोळ्यांतून पाणी येतं. तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती दाबली की जीव कळवळतो. बाकी हात ठीक आहे. मुंग्या येत नाहीत, बधिर नाही. सुई टोचली तर चांगली कळते. दुपारपर्यंत हात वापरून गरम झाला की अंगठा जरा सैल पडतो, मग संध्याकाळी पुन्हा अडतो. आणि ताकद गेलेली नाही गं. कात्री मिटली की अंगठा तिच्या कडीत अडकतो आणि आता सणक येणार म्हणून मीच घाबरून हात सोडते. पडते ती अशी.

कधीपासून, तर एप्रिलपासून. गणवेशाच्या जाड कापडासाठी मी नवी कात्री घेतली. जुनी चांगली चालत होती. पण स्टिचिंग स्टुडिओच्या काचेत तसली मोठी काळ्या मुठीची लावलेली आहे, आणि खोक्यावर प्रोफेशनल लिहिलं होतं. हा एक इंग्रजी शब्द झाला, पण तो खोक्यावरचा आहे, माझा नाही. तिची कडी माझ्या अंगठ्याला घट्ट होते. वजनही फार.

आता विचारशील, डॉक्टरांना हे का नाही सांगितलं. सांगणार कसं? कपड्याला अंगठा नसतो. बाही कफपाशी संपते, तिथे माझी इंग्रजी संपली. डॉक्टर मराठीत विचारत होते, "हातात नेमकं कुठे?" आणि मी "फुल स्लीव्ह" म्हणत होते. एकदा मराठीत उतरले तर सगळं उघडं पडेल असं वाटलं. तो मुडपलेला अंगठा दाखवायचीही लाज वाटली, म्हणून हात पिशवीखाली घालून बसले होते. घड्याळवाल्यांनाही अंगठ्याचं कधी बोलले नाही. त्यांचे हात एवढे बारीक काम करतात, त्यांच्यासमोर कसं सांगणार?

चिंगे, मला फार भीती वाटते. दुकानात हवा खेळते असं मी लिहिलं ते खोटं होतं. चादर घातलेल्या मशीनकडे मला बघवत नाही, मी खुर्ची फिरवून बसते. तुझी आई गेली तेव्हा मी कोलमडले नाही, कारण हात चालू होता. तेराव्या दिवशी मी तुझा शाळेचा फ्रॉक शिवायला घेतला होता. हात राहिला नाही तर मी काय करू, मला सुचत नाही.

पेन्सिल आता धरवत नाही.

मावशी

१७ जुलै

माझ्या मावशे,

ऐक. आमच्या इथे हाडांच्या डॉक्टरीणबाई आहेत. कमी बोलतात. दुपारी त्या जेवायला निघाल्या तेव्हा मी जिन्यात त्यांना अडवलं आणि तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी आधी उभ्याने वाचलं, मग पायरीवर बसून वाचलं. टिचबटणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, माझ्या मावशीने. म्हणाल्या, "हात बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पण हे पत्र मानेचं नाही. तिला आण, आणि तोवर कुणालाही मानेला हात लावू देऊ नको."

२२ तारखेला सकाळच्या बसने ये. मानेचे फोटो आण. ती प्रोफेशनल कात्री पण आण, त्यांनी मुद्दाम सांगितलं आहे.

आता दुसरं. तू येशील तेव्हा तुला दिसणारच आहे, त्याआधी मी लिहिलेलं बरं.

माझ्या जागेबद्दल मी तुला जे कळवलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि तरी सगळं खोटं होतं. काच आहे, पण ती खिडकीची आहे. खिडकी नंबर तीन. एकटीची खुर्ची आहे, कारण दुसरी मावत नाही. लोक माझ्यासमोर रांग लावतात, कारण मी नंबर पुकारते, नाव-वय-पत्ता विचारते आणि काय होतंय ते केसपेपरवर एका ओळीत लिहिते. पेशंट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह हे बॅजवर खरंच आहे. आमच्या इथे झाडणाऱ्या बाईंच्या बॅजवरसुद्धा एवढंच लांब काहीतरी आहे, त्यांना ते वाचता येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. माझ्या सहीने इथे कुणी पाण्याचा ग्लासही आणून देणार नाही.

पहिल्या दिवशी एका आजोबांनी एक्स-रेची खोली विचारली. मी म्हटलं, जिना चढून डावीकडे. शेजारच्या खिडक्यांतल्या दोघी फिदीफिदी हसल्या, आणि आठवडाभर मला "जिना" म्हणून हाक मारत होत्या. त्या दिवसापासून मी स्टेअरकेस म्हणायला लागले. मला तो हसण्याचा आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता, एवढंच. आणि मग मी तेच तुला शिकवलं, जशी काही मोठी अक्कल सांगते आहे. इथे सगळे इंग्लिशमध्ये बोलतात हेही खोटं. इथे येणारा माणूस घाबरलेला असतो, तो आपल्याच भाषेत घाबरतो.

माझ्या एका वाक्यापायी तू मान कापून घ्यायला निघाली होतीस. तू मला काय वाटेल ते बोल, पण २२ ला ये.

चिंगी

२४ जुलै

चि. चिंगीस,

आपल्या मावशी सुखरूप पोचल्या. अंगठ्यास पट्टी असल्याने त्यांना लेखनाची मनाई आहे, तरी मी लिहीत आहे. सांगतात की, दुखणे अंगठ्याचेच निघाल्याने मानेचे ऑपरेशन रद्द करत असल्याचे त्या दवाखान्यास कळवले. सांगतात की, बस चुकली नाही व वाटेत काही खाल्ले. सांगतात की, तुझ्या पत्रातील दुसऱ्या भागाबद्दल त्या स्वतःच्या हाताने लिहितील, माझ्याकडून नाही, व मी तो भाग वाचू नये. मी वाचलेला नाही.

माझ्या वतीने दोन ओळी. त्यांना इंग्रजी मी शिकवले. हातात नेमके काय होते, हे मी एकदाही विचारले नाही. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतो, आधी कानाला लावल्याशिवाय एकही उघडत नाही, आणि शेजारच्या माणसाच्या बाबतीत विसरलो. याचे मला वाईट वाटते. जुन्या कात्रीस धार लावून दिली आहे.

घड्याळवाले

१८ ऑगस्ट

चिंगे,

ओळख अक्षर! जरा उतरतं गेलंय ओळीखाली, पण माझं आहे, आणि पेन्सिल बोटांत धरून काढलेलं आहे.

अंगठा सुटला. डॉक्टरीणबाईंनी ते इंजेक्शन दिलं तेव्हा मी तुझा हात किती जोरात दाबला होता, वळ उठला असेल. पहिला आठवडा काही फरक नव्हता, मी मनातून खचले होते. मग एका सकाळी उठून बघते तर अंगठा आपला सरळ, शहाण्यासारखा बाकीच्या बोटांशेजारी. मी तशीच बसून राहिले. मुडपला, उघडला, मुडपला, उघडला. मग खूप रडले, आणि रडून झाल्यावर चहा केला. पट्टी त्यांनी सांगितली तेवढे दिवस ठेवली, एक दिवससुद्धा कमी केला नाही. मानेचे व्यायाम करते आहे. कंटाळा येतो, पण करते.

आता तुझ्या त्या पत्राबद्दल. भेटले तेव्हा मी त्यातलं एक अक्षर काढलं नाही, तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत होतीस. रागावले नव्हते गं. डॉक्टरीणबाईंची वेळ व्हायची होती म्हणून तू मला समोरच्या बाकावर बसवलंस आणि खिडकीत गेलीस. तासभर मी तुला बघत होते. तुझ्या लक्षात आहे का, एक म्हातारे आले होते टोपी हातात घेऊन? आल्या आल्या म्हणाले, "बॉडी पेन." दुसरं बोलेनात. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. तू मान खाली करून काचेच्या भोकातून विचारलंस, "आजोबा, कसं दुखतं? कुणीतरी पिळल्यासारखं, की टोचल्यासारखं?" त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होतास. नाही, तू बघितलासच, तुझ्यापुढेच होता. मग ते जे बोलायला लागले, आणि तू लिहीत गेलीस, एका ओळीच्या जागी पाच ओळी लिहिल्यास. मी बाकावर बसून मनात म्हटलं, ही आमच्या घरची आहे.

आणि तू मला कसलं पत्र लिहितेस, की मी नुसती खिडकीत बसते? खरं सांगू, त्या लांब नावाचं मला ओझं झालं होतं. कुणी अर्थ विचारेल या भीतीने मी किराणावाल्याचं दुकान टाळायला लागले होते. परवा मुद्दाम गेले आणि सांगितलं, माझी भाची दवाखान्यात असते, माणसाला कुठे कसं दुखतंय ते नीट ऐकून डॉक्टरांसाठी लिहून घेते. एक्झिक्युटिव्ह म्हटलं होतं तेव्हा तो नुसता "अच्छा" म्हणाला होता. यावेळी वजनकाटा सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "मग माझ्या गुडघ्याचं विचाराल का तिला?" सोबत त्याच्या गुडघ्याची दोन पानं आहेत. मी लिहून घेतली आहेत, त्याला मध्ये मध्ये विचारलं, ठणकतं की लचकतं? मला आता ते जमायला लागलंय. पानं त्या डॉक्टरीणबाईंना दाखव.

त्या फिदीफिदी करणाऱ्या दोघींचं मनावर घेऊ नकोस. पडतील एक दिवस जिन्यात, तेव्हा "आई गं" म्हणतील.

पाटी काढलेली नाही. "बुटिक" राहू दे, रंग ताजा आहे, आणि त्या शब्दाने माझं काही वाकडं केलेलं नाही. खाली मी घड्याळवाल्यांकडून जुनी ओळ लिहून घेतली, "येथे कपडे शिवून मिळतील". काल एक बाई आत येऊन म्हणाली, बरं झालं लिहिलंत, आम्हाला वाटायचं इथे नुसतं बघायचं असतं. बटण, कॉलर, मशीन हे शब्द माझ्याकडे तीस वर्षं राबतात, त्यांना मी परके म्हणणार नाही. पण कुठे दुखतंय ते सांगायची वेळ आली, तर मी आता मराठीतच सांगणार, मग मला उभं ठेवा नाहीतर बसवा.

ती प्रोफेशनल कात्री खोक्यात घालून स्टिचिंग स्टुडिओच्या बाईंना देऊन आले. कडी घट्ट होते, अंगठा सांभाळा, असं बजावून दिली. ती बाई स्वभावाने चांगली आहे गं. तिलाही मनगटात कळ येते म्हणे. तिला म्हटलं, बस खाली आणि सांग.

चादर काढली आहे. शाळेने पुढच्या वर्षीचे गणवेश मलाच द्यायचं ठरवलं आहे. आज सकाळी पहिलं काज हाताने केलं. उरल्यासुरल्या तुकड्यावरच केलं, एका बाजूचे टाके दाट आहेत आणि एका बाजूचे विरळ, पण पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अंगठा एकदाही अडला नाही. तो तुकडा सोबत ठेवते आहे. खिडकीत कुठेतरी लाव.

पुष्कळ आशीर्वाद.

तुझी मावशी
कपडे शिवणारी

ता. क. अंगठ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते घड्याळवाल्यांनी शेवटी सांगितलं. चिठ्ठीवर लिहून मशीनच्या खणात ठेवलं आहे. लागलंच तर काढीन.